तानसा जलवाहिनी

तानसा जलवाहिनी : मुंबई शहरास पाणी पुरविणारा तानसा नदीचा बंदिस्त प्रवाह. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील तानसा धरणापासून निघून भिवंडी व ठाणे तालुक्यांतून तो मुंबई बेटात येतो. मूळ मार्गाची लांबी सु. ८८ किमी. दगडी बांधणीचा झाकलेला पाट, डोंगरातील बोगदे आणि बिडाचे नळ अशा तीन प्रकारांनी तो सिद्ध झाला. मार्च १८९२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते तो सुरू करण्यात आला. धरणास सोयीचे रेल्वे स्थानक मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील आटगाव हे असून तेथून धरण सु. १३ किमी. अंतरावर आहे.

जगातील बहुतेक मोठ्या शहरांखाली एखादी तरी पुरलेली नदी सापडते. लंडनची फ्लीट नदी अठराव्या शतकात टप्प्याटप्प्याने झाकली गेली व शेवटी गटार म्हणून वाहू लागली. पॅरिसमधील ब्येव्हर नदीची अवस्था विसाव्या शतकाच्या आरंभी तशीच झाली. दक्षिण कोरियातील सोल शहरात चंगेचन हा ओढा १९५८ पासून रस्त्याखाली दडपण्यात आला होता. तो २००५ मध्ये पुन्हा उघडण्यात आला. ह्या सर्व नद्या त्या त्या शहराच्याच होत्या. शहराने आपल्या अंगणातील पाणी आधी वापरले, मग मळविले आणि अखेरीस झाकले. मुंबईची गोष्ट काहीशी निराळी आहे. आपली तळी, विहिरी व ओढे तिने बुजविले किंवा कोंडले हे खरेच. परंतु तिच्या रस्त्यांखालून आज जी नदी वाहते, ती तिची नव्हे. ती शहापूरच्या रानातून आणलेली आहे.

मूळ नदी : तानसा ही वैतरणेची उपनदी. सह्याद्रीच्या पायथ्याकडील डोंगराळ, जंगलव्याप्त प्रदेशात उगम पावून ती पश्चिमेकडे वाहते. तिच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी ही उन्हाळ्यांसाठी, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी, प्रसिद्ध असलेली ठिकाणे आहेत. वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर बांधविले. पुढे वसईच्या बाजूस तानसा वैतरणेच्या खाडीप्रदेशास मिळते. धरण झाल्यावरही हे नैसर्गिक पात्र नाहीसे झाले नाही. पावसाळ्यात धरण भरून वाहू लागले व त्याचे दरवाजे उघडले, म्हणजे नदी आपल्या जुन्या वाटेने समुद्राकडे धावते. काठच्या गावांना तेव्हा सावधगिरीचे इशारे द्यावे लागतात. उरलेल्या काळात धरणाखाली तिच्या पात्रात जे पाणी दिसते, ते मुख्यतः झऱ्यांचे व उपओढ्यांचे असते. नदीच्या पाण्याला तेव्हापासून दोन वाटा झाल्या आहेत. एक उघडी व हंगामी, दुसरी झाकलेली व बारमाही.

पाणी झाकून दूरवर नेण्याची कला महाराष्ट्राला इंग्रजांनी शिकविली असे मात्र नाही. मलिक अंबर याने खडकी (नंतरचे औरंगाबाद, सध्याचे छत्रपती संभाजीनगर) वसविताना सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नहर-ए-अंबरी हा भूमिगत पाट बांधला. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळी, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावांचे पाणी दगडी भुयारी पाटाने शहरात आणून शनिवारवाड्यास व पेठांतील हौदांस देण्यात आले. त्याच काळात आंबिल ओढ्याचा प्रवाहही वळविला गेला आणि त्याच्या सोडलेल्या पात्रावर पुढे वस्ती झाली. ह्या जुन्या कामांत व तानसा योजनेत तत्त्वाचा भेद नाही. उतारावरून पाणी आपल्या आपण वाहते, हेच दोहोंचे मूळ. भेद आहे तो अंतराचा आणि भुकेचा. कात्रजचा पाट आपल्याच शहराच्या वेशीबाहेरच्या दरीतून येत होता, तर तानसाचे पाणी ज्या प्रदेशातून निघाले, त्या प्रदेशाचा मुंबईशी तोवर लाकूड, गवत, भात आणि मजूर यांपलीकडे फारसा संबंध नव्हता.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरींवर व तलावांवर जगत होती. कावसजी पटेल तलाव, गोवालिया तलाव, मुंबादेवीचा तलाव, धोबी तलाव ही त्यांपैकी काही परिचित नावे. बेट सपाट, भोवती खारे पाणी आणि भूस्तर फारसा पाणी न धरणारा. त्यामुळे पाऊस लांबला की शहर अडचणीत येई. १८५४ च्या टंचाईत गुरे शहराबाहेर माहीमकडे हलविण्यात आली आणि साष्टीतून नावांनी व नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीने पाणी आणावे लागले. हेन्री कोनिबेअर या अभियंत्याने साष्टीतील विहार येथे नदी अडविण्याची योजना मांडली होती, तिला ह्या संकटाने बळ मिळाले. १८५६ मध्ये काम सुरू होऊन १८६० मध्ये विहारचे पाणी मुंबईच्या नळांना आले.

विहारसाठी अडविलेली नदी म्हणजे मिठी. मुंबईच्या आजच्या इतिहासात ह्या नदीचे नाव महापुराच्या संदर्भात घेतले जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला आणि मिठीने आपले पात्र परत मागितले, असे त्या वेळी पुष्कळांनी म्हटले. तिचे पात्र भरावांनी, झोपड्यांनी, कारखान्यांनी व विमानतळाच्या विस्ताराने अरुंद व वाकडे झाले होते, हे सर्वमान्य आहे. परंतु तिच्या ऱ्हासाचा आरंभ ह्याहून बराच जुना आहे. १८६० मध्ये विहारच्या व १८९१ च्या सुमारास पवईच्या बांधाने तिचा वरचा प्रवाह अडविला गेला आणि पावसाळ्यानंतरचे वाहते पाणी संपले. बारमाही पाणी गेलेली नदी शहराच्या लेखी नाला ठरते, आणि नाल्याविषयी कोणाला आदर वाटत नाही. मुंबईने आपल्या नदीचे पाणी प्रथम नळात घातले. तिचे पात्र बुजविण्याचे काम पुढे दीडशे वर्षे चालू राहिले.

विहारचे पाणी पुरे पडेना. दररोज सु. ३२ दशलक्ष लिटर इतकाच त्याचा प्रारंभीचा पुरवठा होता. १८६४ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीचा तो काळ होता. तेजी ओसरल्यावर १८७२ मध्ये हा आकडा ६,४४,४०५ पर्यंत उतरला, तरी गिरण्या वाढतच होत्या आणि गिरणीला माणसाइतकीच तहान असते. १८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला. त्याचीही भर अल्प पडली. पवईचे पाणी तर पिण्यास अयोग्य ठरले व अल्पावधीतच सोडून द्यावे लागले. साष्टी बेटातील डोंगरदऱ्या पुरेशा नाहीत, खाडी ओलांडून पलीकडे गेले पाहिजे, हे नगरपालिकेचे कार्यकारी अभियंता मेजर हेक्टर टुलक यांनी १८७२ मधील आपल्या अहवालातच सांगितले होते. त्यांनी तपासलेल्या जागांत तानसाचे खोरे होते. परंतु खर्चाच्या भीतीने तो प्रश्न दहा-बारा वर्षे रेंगाळला. अखेर १८८५ च्या सुमारास नगरपालिकेने तानसाचा पक्ष स्वीकारला आणि विल्यम क्लार्क या अभियंत्याच्या देखरेखीखाली १८८६ मध्ये बांधकामास प्रारंभ झाला.

धरण व जलमार्ग : तानसाचे धरण त्या काळच्या मोठ्या दगडी धरणांत गणले जाई. त्याची लांबी सु. २.८ किमी. म्हणजे उंचीच्या मानाने असाधारण असून मूळची कमाल उंची ११८ फूट (सु. ३६ मी.) होती. पाणलोट क्षेत्र सु. ५२ चौ. मैल (सु. १३६ चौ. किमी.). बांधकाम घडीव थरांचे नव्हते. दोन माणसांना उचलता येईल एवढ्याच आकाराचे काळे दगड चुनखडीच्या कंकरापासून भाजलेल्या जलरोधी चुन्यात बसविण्यात आले. ह्यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा हिशेब अधिक होता. जड दगड उचलण्यासाठी यंत्रे आणावी लागली असती. माणसे मात्र स्वस्त होती. पावसाळ्याचे महिने काम बंद राही. उघडिपीच्या हंगामात दहा हजारांच्या आसपास मजूर धरणावर राबत. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. त्यांच्या वस्त्या ज्या रानात उठल्या, तेथील मूळ रहिवासी ठाकूर, वारली, कातकरी व महादेव कोळी होते. पुढे हे खोरे पाणी स्वच्छ राहावे म्हणून राखीव झाले, आणि राखीव झालेल्या रानात राबणे, चारणे व फिरणे ह्यांवर बंधने आली.

ह्या सर्व उद्योगाला रेल्वेने शक्य केले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८५५ मध्ये वासिंदपर्यंत, १८६० मध्ये आसनगावपर्यंत व १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोहोचली होती. घाटाच्या पायथ्याकडील हे रूळ टाकताना पाण्याचा विचार कोणी केला नव्हता. ते देशावरचा कापूस बंदरात आणण्यासाठी होते. तरी आटगावसारखे लहान स्थानक त्यामुळे तानसाच्या खोऱ्याचे दार बनले. तानसाला जाणारा मार्ग आजही आटगावहून फुटतो, आणि पाइपलाइनची भाषा ह्या भागात घरोघर माहीत आहे.

जलमार्गाची आखणी पूर्णपणे गुरुत्वाकर्षणावर आधारलेली आहे. पंप नाहीत. जलाशयाची भरलेली पातळी १२८.६३ मी. मानली जाते, हे मोजमाप समुद्रसपाटीपासूनचे नसून मुंबईच्या टाउन हॉलला प्रमाण धरून ठरविलेल्या खुणेपासूनचे असल्याने नकाशातील उंचीशी ते जुळत नाही. उतार जेथे सलग मिळाला, तेथे दगडी कमानीचा झाकलेला पाट बांधला, मध्ये टेकडी आली तेथे बोगदा खणला, दरी, नदी किंवा खाडी आली तेथे ४८ इंच (सु. १२२ सेंमी.) व्यासाचे बिडाचे नळ घातले. काशेळी येथे खाडी ओलांडून नळ साष्टीत येतात आणि भांडुप, घाटकोपर, शीव ह्या बाजूने दक्षिणेकडे जातात. शहरात पाणी भंडारवाडा व मलबार टेकडी येथील जलाशयांत साठविले जाई. मलबार टेकडीवरील जलाशयाच्या छतावर माती टाकून तेथे बाग केली गेली. हीच ‘हँगिंग गार्डन’ अथवा फिरोजशाह मेहता उद्यान होय. बागेत फिरणाऱ्या हजारो लोकांपैकी आपल्या पायांखाली पाणी साठले आहे हे किती जणांना ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

१८९२ मध्ये तानसाने दररोज सु. ७७ दशलक्ष लिटर पाणी दिले, म्हणजे विहारच्या प्रारंभीच्या पुरवठ्याच्या दुपटीहून अधिक. शहराने त्याचे मोठे स्वागत केले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८९६ मध्ये, मांडवी भागात प्लेगची लागण झाली. प्लेगचा व पिण्याच्या पाण्याचा प्रत्यक्ष संबंध नाही, हे नंतर निर्विवाद सिद्ध झाले. परंतु त्या वेळी एक आक्षेप वारंवार घेतला जाई आणि त्यात तथ्यांशही होता : शहरात आलेले पाणी बाहेर कसे जाणार, याचा विचार पाणी आणण्याच्या विचाराइतका झाला नव्हता. भुयारी गटारांचे काम मागे राहिले होते, चाळींच्या मोऱ्यांतील पाणी मातीत मुरत होते आणि सखल भागातील जमीन ओलसर राहू लागली होती. नळाने आणलेल्या नदीला समुद्रापर्यंतची शेवटची वाटही बांधून द्यावी लागते. पहिली वाट बांधताना मुंबईला हे पुरेसे उमगले नव्हते. नगरसुधारणा विश्वस्त मंडळाची (सिटी इंप्रुव्हमेंट ट्रस्ट) स्थापना १८९८ मध्ये झाली ती ह्याच पार्श्वभूमीवर.

नळ आल्याने जुन्या पाण्याची गरज संपली, एवढेच नव्हे तर ते धोक्याचे ठरले. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाविषयी अहवाल दिला. डासांचे मूळ शहरातील विहिरींत आहे, असा त्याचा निष्कर्ष होता, व त्यानंतर विहिरी बुजविण्याची वा झाकण्याची मोहीम सुरू झाली. धार्मिक विधींसाठी विहिरीचे पाणी लागणाऱ्या समाजांनी तिला विरोध केला. चर्चगेटजवळची १७२५ मधील भिखा बेहरामची विहीर आजही टिकून आहे. बहुसंख्य विहिरी टिकल्या नाहीत. तलावही एकेक करून भरले गेले. कावसजी पटेल तलावाचे सी. पी. टँक झाले, ‘दोन टाकी’ हे केवळ वस्तीचे नाव उरले, धोबी तलावावर चौक आला. गोवालिया तलावाच्या जागी मैदान झाले आणि ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’चा ठराव ज्या अधिवेशनात संमत झाला, ते अधिवेशन ह्या बुजविलेल्या तलावावर भरले होते. मुंबईच्या नकाशात पाण्याची नावे विपुल आहेत. पाणी मात्र तेथे दिसत नाही. ते नव्वद किलोमीटरांवरून, जमिनीखालून येते.

विस्तार : तानसाचे धरण मुळातच पुढे उंची वाढविता यावी अशा बेताने रचले होते. १९१५, १९२५ व १९४८ मध्ये योजनेचे पुढचे टप्पे पूर्ण होऊन अधिक नळ टाकले गेले. सध्या धरणास ३८ दरवाजे असून जलाशयाची उपयुक्त साठवण १,४५,०८० दशलक्ष लिटर आहे. स्वातंत्र्यानंतर निर्वासितांची व नोकरीसाठी येणाऱ्यांची रीघ लागली आणि शेजारच्या वैतरणेकडे लक्ष गेले. महापालिकेचे अभियंता ना. वि. मोडक यांच्या पुढाकाराने वैतरणा योजना १९५७ मध्ये पूर्ण झाली. तिच्या जलाशयास त्यांचेच नाव ‘मोडक सागर’ असे देण्यात आले. मुंबईच्या १९४८ मधील बृहद्‌योजनेच्या आराखड्याचे अल्बर्ट मेयर यांच्यासह ते सहलेखक होते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे, कारण शहराचा भावी आकार आणि त्याचे भावी पाणी ह्या दोहोंचा विचार त्यांच्यापाशी एकत्र आला होता. १९७३ मध्ये इगतपुरी तालुक्यातील ऊर्ध्व वैतरणा, १९८१ पासून टप्प्याटप्प्याने शहापूर तालुक्यातील भातसा आणि २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा यांची भर पडली. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची एकूण उपयुक्त साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यांत एकट्या भातसाचा वाटा जवळजवळ निम्मा, तर तानसाचा दहावा हिस्सा. एकेकाळी सबंध शहर जिच्यावर विसंबून होते, ती नदी आता मोठ्या कुटुंबातील वडीलधाऱ्या व्यक्तीसारखी झाली आहे : मान आहे, भार इतरांवर आहे.

जुने नळ गंजतात, फुटतात आणि त्यांना चोरून जोडण्या घेतल्या जातात. म्हणून महापालिकेने गेल्या काही दशकांत खडकात खोल बोगदे खणून पाणी त्यांत वळविण्याचे धोरण स्वीकारले. गुंदवली ते भांडुप हा सु. १५ किमी. लांबीचा बोगदा २०१५ मध्ये कार्यान्वित झाला. मरोशी ते रुपारेल महाविद्यालय हा सु. १२ किमी.चा बोगदा जुन्या तानसा नळांना पर्याय म्हणून खणण्यात आला. तो वाकोल्याहून माहीमकडे जाताना मिठीला खालून ओलांडतो. वर शहराची स्वतःची नदी, सांडपाण्याने काळी झालेली. तिच्याखाली खडकातून जाणारे परप्रदेशाचे पिण्याचे पाणी. मुंबईच्या जलेतिहासाचे इतके नेमके चित्र दुसरीकडे कोठे सापडणार नाही.

उपनगरांत उघड्यावरून जाणाऱ्या तानसा नळांच्या दोन्ही बाजूंस विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झोपडवस्त्या वाढल्या. नळांवरून चालत शाळेत जाणारी मुले हे तेथले नित्याचे दृश्य होते. गमतीची नव्हे, पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की शहराचे पाणी ज्यांच्या दारावरून जात होते, त्यांतील अनेकांना अधिकृत नळजोडणी नव्हती. नळांच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंस १० मी. जागा मोकळी ठेवावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेत दिला. त्यानुसार वस्त्या हटविण्यात आल्या आणि २०१७ पासून हजारो कुटुंबे माहुल येथील सदनिकांत पाठविण्यात आली. तेलशुद्धीकरण व रसायन कारखान्यांच्या शेजारी असलेली ही जागा राहण्यास योग्य नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती आणि तिच्यासाठी त्यांनी दीर्घकाळ आंदोलन केले. मोकळ्या झालेल्या पट्ट्यांत सायकलमार्गाची योजना आखण्यात आली.

उगमाकडील बाजू : जलाशयाभोवतीचे रान शहराच्या पाण्यासाठी राखले गेल्याने एक अनपेक्षित लाभ झाला. १९७० मध्ये ह्या परिसरात तानसा वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. दीर्घकाळ नामशेष समजला गेलेला आणि १९९७ मध्ये शहादा परिसरात पुन्हा आढळलेला रानपिंगळा (वनपिंगळा) २०१४ मध्ये तानसाच्या रानातही दिसून आला. मुंबईपासून इतक्या जवळ असे जंगल टिकण्याचे बरेचसे श्रेय त्या शहराच्या तहानेला द्यावे लागते.

माणसांच्या बाबतीत हिशेब असा सरळ नाही. शहापूर तालुक्यात सु. २,५०० मिमी. पाऊस पडतो, तोही जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली कठीण काळा पाषाण. पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते व फेब्रुवारी-मार्चपासून विहिरींचा तळ दिसू लागतो. तालुक्यात व त्याच्या सीमेवर तानसा, भातसा, मोडक सागर ही मोठी धरणे असून हा ‘धरणांचा तालुका’ म्हणून ओळखला जातो. आणि याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. ह्याचे एक कारण भूगोलात आहे. धरणे खालच्या पातळीवर, दऱ्यांत आहेत. पाडे टेकड्यांच्या उतारांवर विखुरलेले आहेत. शहराकडे पाणी आपोआप उतरते, पाड्यांकडे ते चढवावे लागते व त्यासाठी वीज, पंप आणि दुरुस्तीचा खर्च लागतो. दुसरे कारण मात्र भूगोलाचे नव्हे. १८८५ मध्ये पाण्याचा विचार झाला तो एका शहराच्या गरजेचा. खोऱ्यातील लोकांचा त्या पाण्यावर काही वाटा आहे काय, हा प्रश्न योजनेच्या कागदपत्रांत उपस्थितच झाला नव्हता. पुढील प्रत्येक धरणाने पहिल्याचाच कित्ता बऱ्याच अंशी गिरविला. भातसा हा राज्य शासनाचा सिंचन प्रकल्प म्हणून आखला गेला, तरी त्याच्या पाण्याचा फार मोठा भाग मुंबईकडे जातो.

नळांच्या वाटेवरील काही गावांना तसेच ठाणे व भिवंडी शहरांना मुंबई महापालिका पाणी देते. शहापूरच्या टंचाईग्रस्त गावपाड्यांसाठी अलीकडे जी मोठी योजना मंजूर झाली, ती इगतपुरी तालुक्यातील भावली धरणावर आधारलेली आहे. ते धरण घाटमाथ्यावर असल्याने तेथून गुरुत्वाकर्षणाने पाणी खाली आणता येते. ९७ गावे व २५९ पाडे तिच्या कक्षेत आहेत. तानसाच्या काठी राहणाऱ्यांना पाणी मिळण्यासाठी तालुक्याबाहेरच्या दुसऱ्या नदीवरून नळ टाकले जात आहेत, आणि त्यांची आखणीही १८९२ च्या त्याच जुन्या तत्त्वावर, म्हणजे केवळ उताराच्या बळावर, झालेली आहे.